नर्सिंग होममधील धूम्रपान : फलक लावल्यावर चालकांची जबाबदारी संपते का?

निंबोणी

नर्सिंग होममध्ये धूम्रपानाला बंदी आहे, हे सर्वांना ठाऊक असते. ती बंदी प्रत्यक्षात पाळली जावी यासाठी चालकांनी नेमके काय करायला हवे, आणि ते करत नसतील तर नातेवाइकांनी कोणाकडे काय मागावे, याची माहिती एकत्र व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

निमित्त घरचेच आहे. माझ्या वडिलांना सीओपीडी, म्हणजे दीर्घकालीन श्वसनविकार आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते आमच्या जिल्ह्याच्या गावी एका खासगी नर्सिंग होममध्ये दाखल आहेत. खोली दोन खाटांची आहे आणि दोघांमध्ये फक्त पडदा आहे. वडिलांना नाकातल्या नळीने दिवसरात्र ऑक्सिजन चालू असतो. शेजारच्या खाटेवरचे आजोबा रात्री संडासात जाऊन बिडी ओढतात. बिडी आणि काडेपेटी त्यांना वॉर्डातलेच एक मामा आणून देतात. सकाळी औषधाच्या प्लॅस्टिकच्या कपात थोटके दिसतात, काडेपेटी गादीखाली असते, आणि संडासाचे दार उघडले की तो धूर थेट वडिलांच्या उशाशी येतो. मी तक्रार केली तेव्हा, ‘आम्ही बोर्ड लावला आहे, पेशंट ऐकत नाहीत त्याला आम्ही काय करणार?’ असे उत्तर मिळाले. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण मला भांडण नको, मार्ग हवा आहे.

त्या आजोबांविषयी माझ्या मनात राग नाही. पन्नास वर्षांची सवय खाटेला खिळल्यावर एका रात्रीत सुटत नाही, हे मला समजते. पण धूर वडिलांच्या छातीत जातो आणि पेटती काडी ऑक्सिजनपासून चार-पाच हातांवर असते, हेही तितकेच खरे आहे. कायद्याची, वैद्यकाची किंवा अग्निशमनाची माहिती असणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कृष्णाकाठ

निंबोणीताई, तुम्हाला मिळालेले उत्तर कायद्याच्या कसोटीवर टिकणारे नाही.

मुरली देवरा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, आरोग्यसंस्था, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, सार्वजनिक कार्यालये आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहने येथे धूम्रपानास मनाई करणारा आदेश दिला. याचिका करणारे देवरा हे मुंबईचे खासदार राहिलेले नेते होते. जो स्वतः धूम्रपान करत नाही त्याला दुसऱ्याच्या धुरामुळे आजारी का पडावे लागावे, हा त्या आदेशामागचा प्रश्न घटनेतील जीविताच्या हक्काशी जोडलेला होता. त्यानंतर २००३ मध्ये ‘कोटपा’ या नावाने ओळखला जाणारा केंद्रीय तंबाखू नियंत्रण कायदा आला. त्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करणे गुन्हा ठरवले आणि सार्वजनिक ठिकाणांच्या व्याख्येत रुग्णालयाच्या इमारतीचा स्पष्ट उल्लेख केला.

तुमच्या कामाचा भाग मात्र २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांत आहे. त्यांच्यानुसार मालक, व्यवस्थापक किंवा प्रभारी व्यक्ती यांच्यावर जबाबदारी आहे ती ‘येथे धूम्रपान होणार नाही’ याची खात्री करण्याची. फलक हे त्या खात्रीचे फक्त एक साधन आहे. तो किमान ६० सेंटीमीटर बाय ३० सेंटीमीटर आकाराचा हवा, प्रवेशद्वाराशी, प्रत्येक मजल्यावर, जिन्याशी आणि लिफ्टशी हवा, आणि उल्लंघन झाल्यास तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचे नाव त्यावर ठळकपणे लिहिलेले हवे. राखदाणी, काडेपेटी, लायटर यांसारखी धूम्रपानाला मदत करणारी वस्तू त्या जागी पुरवली जाता कामा नये, असेही नियमात आहे. तक्रार येऊनही प्रभारी व्यक्तीने कारवाई केली नाही, तर जितके गुन्हे घडले तितक्यांच्या दंडाइतका दंड तिलाच होऊ शकतो. वॉर्डातील कर्मचारी स्वतः बिडी आणून देत असेल, तर ‘पेशंट ऐकत नाहीत’ या वाक्याला काही अर्थच उरत नाही.

तीस किंवा त्याहून अधिक खोल्यांची हॉटेले, तीस किंवा अधिक आसनांची उपाहारगृहे आणि विमानतळ यांनाच स्वतंत्र धूम्रपानकक्षाची मुभा कायद्याने दिली आहे. रुग्णालयांना ती नाही. त्यामुळे कोणी ‘एक कोपरा राखून देतो’ असे सांगितले, तर इमारतीच्या आत असा कोपरा कायदेशीर ठरत नाही.

दुसरा कायदा महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९. आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्या व्यक्तींना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि त्यांची शुश्रूषा करण्यासाठी वापरली जाणारी जागा म्हणजे नर्सिंग होम, अशी त्याची व्याख्या आहे आणि प्रसूतिगृहही तिच्यात येते. नोंदणी देणारे स्थानिक प्राधिकरण तपासणी करू शकते. तेव्हा तक्रार तोंडी न करता संस्थेच्या प्रभारी डॉक्टरांच्या नावे लेखी द्यावी, तिची पोच घ्यावी, आणि उत्तर न मिळाल्यास तीच प्रत नोंदणी प्राधिकरणाकडे पाठवावी. पोच हातात असणे अतिशय महत्त्वाचे आहे.

उत्तररात्र

मी अनेक वर्षे वॉर्डात सिस्टर म्हणून आणि पुढे मेट्रन म्हणून काम केले. कृष्णाकाठ यांनी कायदा नेमका मांडला आहे. वॉर्डाच्या बाजूने थोडे लिहिते.

बंदी जिथे केवळ कागदावर असते, तिथे धूम्रपान थांबत नाही, ते लपते. आणि लपण्याच्या जागा ठरलेल्या असतात : संडास, मागचा जिना, लिनन ठेवण्याची खोली, रात्री पांघरुणाच्या आत. सुरक्षिततेच्या दृष्टीने या चारही जागा सर्वांत वाईट आहेत, कारण तिथे हवा कोंडलेली असते, जळणारे कापड असते आणि बघायला कोणी नसते. अंगणात बसून बिडी ओढणाऱ्या माणसापेक्षा संडासाची कडी लावून, एका हाताने भिंतीचा आधार घेत बिडी पेटवणारा खुब्याचा रुग्ण कितीतरी अधिक धोक्यात असतो. तो तिथे पडला तर पुन्हा शस्त्रक्रिया, आणि काडी हातातून सुटली तर त्याहून वाईट. त्यामुळे लपून ओढणाऱ्या रुग्णाला पकडणे एवढ्यावर संस्थेचे काम भागत नाही. त्याला लपण्याची गरज पडू नये, ही व्यवस्था दाखल होतानाच करावी लागते.

केसपेपरवर ‘व्यसन’ असा रकाना असतो. बहुतेक ठिकाणी तिथे ‘बिडी +’ एवढे लिहिले जाते आणि पान उलटते. खरे म्हणजे तिथूनच कामाला सुरुवात व्हायला हवी. दिवसाला किती बिड्या, सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात लागते, यापूर्वी सोडण्याचा प्रयत्न केला होता का, हात थरथरतो का, नजर कशी आहे, विसराळूपणा आहे का, हे विचारायला पाच मिनिटे पुरतात. उठल्यापासून अर्ध्या तासात बिडी लागणाऱ्या माणसाला निकोटीनची ओढ तीव्र असते आणि दाखल झाल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याला चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश, घाम असा त्रास होणार, हे गृहीत धरायला हवे. वॉर्डात अशा आजोबांना ‘त्रासदायक पेशंट’ ठरवले जाते आणि कधी कधी झोपेचे औषध दिले जाते. त्यांच्या त्रासाचे कारण वेगळे आहे आणि त्यावर उपाय उपलब्ध आहे.

निकोटीनचे पट्टे मिळतात, च्युइंग गम मिळते. ज्यांना कवळी आहे त्यांना गम जमत नाही, ती कवळीला चिकटते, म्हणून त्यांच्यासाठी पट्ट्याचा विचार डॉक्टरांना करायला सांगावा. गमसुद्धा नेहमीच्या गमसारखी सतत चघळायची नसते; थोडी चावून गालाच्या आत धरून ठेवायची असते, नाहीतर उचकी आणि मळमळ होते. हे शिकवायला कोणी बसत नाही आणि मग ‘गमने काही होत नाही’ असे म्हटले जाते.

वॉर्डमामांविषयीही लिहायलाच हवे. रुग्ण दहा-वीस रुपये हातावर ठेवतो आणि मामा टपरीवरून बिडीचा कट्टा आणतात. त्यांचा पगार काय असतो हे मला माहीत आहे, म्हणून त्यांच्यावर दोष ढकलून मोकळे होणे मला पटत नाही. परंतु ऑक्सिजनजवळ काडी पेटली तर काय होते, हे त्यांना कोणी कधी सांगितलेले नसते. माझ्या हाताखालच्या मामा-मावशींना हे नीट समजावून सांगितल्यावर त्यांनीच गादीखालच्या काडेपेट्या शोधून आणून दिल्या.

पिंपळपार

एक वेगळे मत नोंदवतो, गैरसमज नसावा. माझे आजोबा ऐंशीव्या वर्षापर्यंत बिडी ओढत होते. या वयात माणसाला राहिलेले आनंद मोजकेच असतात. ज्याचे आयुष्य सरत आले आहे, त्याच्या तोंडची बिडी काढून घेऊन आपण नेमके काय साधतो? दुसऱ्याला त्रास होऊ नये हे मान्य. खिडकी उघडी ठेवून किंवा एक्झॉस्ट पंखा लावून तो टाळता येणार नाही का?

सांजवारा

मी छातीच्या विकारांवर उपचार करणारा डॉक्टर आहे. पिंपळपार यांनी विचारलेले दोन्ही प्रश्न माझ्याकडे येणारे नातेवाईक रोज विचारतात, त्यामुळे त्यांना आदराने आणि सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

खिडकी आणि पंखा यांचे आधी सांगतो. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात आणि त्यांपैकी किमान सत्तरच्या आसपास कर्करोगकारक आहेत. अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्यविषयक प्रमुख अधिकाऱ्यांच्या, २००६ च्या अहवालाने उपलब्ध सर्व पुरावा तपासून दोन निष्कर्ष स्पष्टपणे मांडले. परोक्ष धुराची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, हा पहिला. धूम्रपान करणाऱ्यांना वेगळे बसवणे, हवा शुद्ध करणे किंवा वायुवीजन वाढवणे यांमुळे इमारतीच्या आतील इतरांचा धुराशी येणारा संबंध पूर्णपणे टळत नाही, हा दुसरा. जो कधीही धूम्रपान करत नाही परंतु घरी किंवा कामाच्या ठिकाणी धूर श्वासावाटे घेतो, त्याचा हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो. ही गोष्ट एकाएकी समजलेली नाही. जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी ९१,५४० धूम्रपान न करणाऱ्या विवाहित स्त्रियांचा चौदा वर्षे पाठपुरावा केला आणि पतीचे धूम्रपान जितके अधिक, तितके पत्नीचे फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक, असे १९८१ मध्ये दाखवून दिले. त्या निष्कर्षाला तंबाखू उद्योगाने कडाडून विरोध केला, परंतु पुढच्या संशोधनाने त्याला दुजोराच दिला.

नर्सिंग होममध्ये हा धोका अधिक टोकदार होतो, कारण तिथला शेजारी निरोगी नसतो. निंबोणीताईंच्या वडिलांसारख्या सीओपीडीच्या रुग्णाच्या श्वासनलिका आधीच सुजलेल्या आणि अरुंद असतात. थोडासा धूरही त्यांना आकुंचित करतो, खोकला वाढवतो, आणि शस्त्रक्रियेनंतर जो खोकला आवरायचा असतो तोच उफाळून येतो. आणि ज्या मावशी रोज आठ-दहा तास त्या खोलीत झाडलोट करतात, त्यांच्यासाठी ती कामाची जागा आहे. २००८ च्या नियमांनी कामाच्या जागाही सार्वजनिक ठिकाणांत धरल्या आहेत, त्यामागचे कारण हेच.

महाराष्ट्राबद्दल एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार आपल्या राज्यात २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते, पण धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते. बाकीचा बहुतेक भार मळलेली तंबाखू, मशेरी, गुटखा यांचा आहे. म्हणजे वॉर्डातील बहुसंख्य रुग्ण आणि कर्मचारी धूम्रपान करत नाहीत, आणि तरीही थोड्यांचा धूर सर्वांच्या छातीत जातो. याची दुसरी बाजू आशादायक आहे : एका लहान नर्सिंग होममध्ये एका वेळी धूम्रपान करणारे रुग्ण मोजकेच असणार, आणि प्रत्येकाकडे स्वतंत्रपणे लक्ष देणे अशक्य नाही.

आता वयाचा प्रश्न. ब्रिटनमधील ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षे अभ्यास झाला. रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षे लवकर गेले. ज्यांनी तिसाव्या वर्षाच्या सुमारास सोडली त्यांना ती दहाही वर्षे जवळजवळ परत मिळाली, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा, आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनाही तीन. साठीनंतरची तीन वर्षे ही नातवंडांच्या आजोबांसाठी काही थोडी नव्हेत.

अर्थात ऐंशीव्या वर्षी मी रुग्णाला वर्षांचा हिशेब सांगत नाही. धूम्रपान थांबल्यावर काही तासांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड उतरू लागतो आणि तेच रक्त अधिक ऑक्सिजन वाहून नेऊ लागते. निकोटीनमुळे आकसणाऱ्या त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना आराम मिळतो, त्यामुळे शस्त्रक्रियेची जखम आणि पाठीवरचे शय्याव्रण भरून येण्यास मदत होते. हाड जुळण्याची क्रियाही धूम्रपानाने मंदावते. खुब्याच्या रुग्णाला यापेक्षा जवळचा लाभ कोणता? ज्या सुखाविषयी पिंपळपार लिहितात, त्यात बिडी नसल्याने जाणवणारी तडफड शमवणे हा मोठा भाग असतो, आणि ती तडफड पट्ट्यानेही शमते.

एक वैद्यकीय सूचना येथेच नोंदवतो, कारण ती अनेकदा राहून जाते. आपल्याकडे दम्याच्या आणि सीओपीडीच्या पुष्कळ वृद्धांना थिओफायलिनवर्गीय गोळ्या चालू असतात. तंबाखूच्या धुरामुळे यकृत हे औषध वेगाने निकाली काढते. धूम्रपान अचानक थांबले की तीच मात्रा शरीरात अधिक काळ राहते आणि मळमळ, हृदयाची धडधड, क्वचित झटके येऊ शकतात. काही मानसिक आजारांवरील औषधांबाबतही असेच घडते. निकोटीनच्या पट्ट्याने यात फरक पडत नाही, कारण हा परिणाम धुराचा आहे. म्हणून धूम्रपान थांबवताना डॉक्टरांनी औषधांची मात्रा पुन्हा तपासणे हा संस्थेच्या जबाबदारीचाच भाग आहे. बंदी घालायची आणि तिचे शारीरिक परिणाम बघायचे नाहीत, हे चालणार नाही.

जलधारा

अग्निशमन सेवेतून निवृत्त झालो आहे. निंबोणीताईंनी लिहिलेले दृश्य, म्हणजे गादीखाली काडेपेटी आणि पलीकडे चालू असलेला ऑक्सिजन, वाचून स्वस्थ बसवले नाही.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, हे शाळेत शिकवले जाते आणि ते बरोबर आहे. पण हवेतील त्याचे प्रमाण २१ टक्क्यांवरून थोडे जरी वाढले, तरी एरवी सहज न पेटणाऱ्या वस्तू पटकन पेटतात, ज्योत अधिक उष्ण होते आणि वेगाने पसरते. नाकातल्या नळीतून येणारा सगळाच ऑक्सिजन रुग्ण श्वासात घेत नाही. बराचसा बाहेर पडून मिशा, सदरा, उशी, पांघरूण यांच्या धाग्यांत साठतो. नळी चालू असताना बिडी पेटवली तर चेहरा आणि नळी क्षणात पेटते. झुरका घेताना सिगारेटचे टोक सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. त्यात बिडीची वेगळी खोड अशी की ती ओढत राहिले नाही तर विझते, म्हणून एका बिडीसाठी काडी दोन-तीनदा ओढली जाते. प्रत्येक काडी ही नवी ठिणगी आहे.

दुसरा प्रकार संथ असतो आणि म्हणूनच अधिक फसवा. गादीवर किंवा चादरीच्या घडीत पडलेले थोटूक ज्वाळा न दाखवता तासन्‌तास धुमसू शकते. कापूस असा धुमसतो, फोमही धुमसतो. या काळात खोलीत कार्बन मोनॉक्साइड भरतो, आणि ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही तो माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. आगीत बहुतेक बळी भाजण्याआधी धुराने जातात.

आपल्याकडच्या अलीकडच्या रुग्णालय-आगी धूम्रपानामुळे लागलेल्या नव्हत्या, हे आधी स्पष्ट करतो. तरीही त्या आगींनी हलता न येणाऱ्या रुग्णाचे काय होते ते दाखवले. कोलकात्यात डिसेंबर २०११ मध्ये तळघरात आग लागली आणि वरच्या मजल्यांवर नव्वदच्या आसपास माणसे प्रामुख्याने गुदमरून गेली. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी दहा नवजात बालके गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात अकरा रुग्ण गेले. अशा इमारतीत ठिणगीचे जे कारण आपल्या हाताने दूर करता येते, ते एकही शिल्लक ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही. अमेरिकेत हार्टफर्ड येथे फेब्रुवारी २००३ मध्ये एका नर्सिंग होममध्ये रुग्णाच्या हातातील लायटरने अंथरूण पेटले आणि सोळा जण दगावले. इमारतीत स्वयंचलित तुषारयंत्रणा, म्हणजे आग लागताच छतातून आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा, नव्हती. त्याच वर्षी नॅशव्हिल येथील आगीत पंधरा वृद्ध गेले, आणि अखेर देशातील सर्व नर्सिंग होमना ऑगस्ट २०१३ पर्यंत तुषारयंत्रणा बसवणे बंधनकारक झाले. दहा वर्षे लागली.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे, आणि परवानाधारक संस्थेकडून तसे प्रमाणपत्र, ज्याला आपण ‘ब’ नमुना म्हणतो, दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत अग्निशमन विभागाला सादर करावे लागते. निंबोणीताई, तुम्ही नातेवाईक म्हणून हे प्रमाणपत्र बघायला मागा. त्याचबरोबर रात्रपाळीच्या सिस्टरना एक साधा प्रश्न विचारा : या मजल्याचा ऑक्सिजन बंद करायची झडप कुठे आहे आणि ती कोण बंद करणार? उत्तर लगेच आले नाही, तर भिंतीवरची लाल नळकांडी शोभेची आहेत असे समजा. मागच्या जिन्याला कुलूप आहे का, तेही पाहा. चोरी होऊ नये म्हणून ते लावलेले असते आणि किल्ली दिवसपाळीच्या माणसाकडे असते, असे मी तपासण्यांत वारंवार पाहिले आहे.

आणखी एक. रुग्णाच्या उशाशी देवाची तसबीर ठेवून उदबत्ती लावणे, डासांची अगरबत्ती लावणे, हे प्रेमापोटी होते आणि सिस्टर बोलायला संकोचतात. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत त्यांनाही तोच नियम लागू आहे.

देशांतर

मी इंग्लंडमध्ये वृद्धांच्या निवासी केंद्रात काम करते. इथला अनुभव थोडा वेगळा आहे, तो उपयोगी पडेल असे वाटते.

इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानास बंदी आहे, पण वृद्धनिवासांना मर्यादित सूट आहे. व्यवस्थापकाची इच्छा असेल तर तो निवासी व्यक्तींसाठी एखादी खोली ठरवून देऊ शकतो. तिच्या भिंती छतापर्यंत हव्यात, तिची हवा इतर खोल्यांत जाता कामा नये आणि दार आपोआप बंद होणारे हवे. कर्मचाऱ्यांना तिथे ओढता येत नाही. मागचा विचार असा की रुग्णालयात माणूस चार दिवस असतो, वृद्धनिवासात तो राहतो, ते त्याचे घर असते.

आमच्याकडे धूम्रपान करणाऱ्या प्रत्येक रहिवाशाची जोखीम लिहून ठेवली जाते आणि प्रकृती बदलली की पुन्हा तपासली जाते. हात थरथरणाऱ्या आजींना ओढताना अंगावर आग न धरणारा एप्रन दिला जातो, लायटर कर्मचाऱ्यांकडे राहतो आणि सोबत कोणीतरी बसते. कोरड्या त्वचेला लावायच्या मलमांविषयी इथे विशेष इशारा दिला जातो. पेट्रोलियम जेली किंवा तत्सम मलम रोज चोपडले की ते कपड्यांत आणि चादरीत मुरते, धुऊनही पूर्ण जात नाही, आणि असे कापड ठिणगीने पटकन पेटते. आपल्याकडे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सर्रास तेल आणि जेली लावतात, म्हणून हे लिहिले.

खोली देण्याची सूट आपल्याकडे आणावी असे मात्र माझे मत नाही. धूर त्या दाराआड पूर्णपणे कधीच राहत नाही, आणि आत जाऊन राखदाणी रिकामी करणारी माणसे आमच्यासारखीच असतात.

पिंपळपार

सर्वांनी इतक्या आस्थेने उत्तरे दिली, आभारी आहे. पंख्याने धूर टळत नाही हे मला पटले, आणि औषधांच्या मात्रेविषयीची बाब पूर्णपणे नवी होती. तरी एक शंका राहते. वृद्धाश्रमात कायमच्या राहणाऱ्या आणि मदत देऊनही बिडी न सुटणाऱ्या माणसाचे काय करायचे? त्याला बाहेर काढायचे का?

कृष्णाकाठ

मुळीच नाही. व्यसन हे आजाराच्या वर्गात मोडते आणि आजारासाठी कोणाला बाहेर काढता येत नाही. कायद्यातील सार्वजनिक ठिकाणाच्या व्याख्येतून मोकळी जागा वगळलेली आहे, त्यामुळे इमारतीपासून दूर, छत आणि भिंती नसलेल्या अंगणात अशा व्यक्तीला सोबतीने नेता येते. मात्र त्यासाठी ठरलेली वेळ, सोबतीला कर्मचारी, वाळूने भरलेले धातूचे भांडे, काडेपेटी कर्मचाऱ्याकडे आणि ऑक्सिजनची नळी किंवा सिलिंडर जवळ नसणे, एवढे पाळायलाच हवे. जो ऑक्सिजनवर आहे त्याच्या बाबतीत ही सवलत देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. आणि अंगण मिळाले म्हणून सोडवण्याचे प्रयत्न थांबवू नयेत. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतसेवेचा १८००-११-२३५६ हा क्रमांक निःशुल्क आहे. फोन धरून बसायला कोणी सोबत असेल तर वृद्धांनाही तिचा उपयोग होतो.

ज्या वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेल्यांवर उपचार आणि शुश्रूषा दोन्ही होतात, तो १९४९ च्या व्याख्येत बसतो का, हा प्रश्न नातेवाइकांनी प्रवेश घेतानाच विचारावा. बंगल्यात चालणाऱ्या अनेक केंद्रांकडे ना नर्सिंग होमची नोंदणी असते, ना अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र, आणि महिन्याचे पैसे मात्र शुश्रूषेचे घेतले जातात.

निंबोणी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज मी प्रभारी डॉक्टरांना लेखी पत्र देऊन पोच घेतली. त्यात पाच गोष्टी मागितल्या आहेत : शेजारच्या आजोबांना डॉक्टरांनी तपासून निकोटीनचा पट्टा किंवा अन्य उपचार सुरू करावा, त्यांची चालू औषधे पुन्हा पाहावीत, काडेपेट्या वॉर्डातून काढून घ्याव्यात, फलकावर तक्रार स्वीकारणाऱ्या व्यक्तीचे नाव लिहावे, आणि जुलैचे अग्निसुरक्षा प्रमाणपत्र दाखवावे. आजोबांच्या मुलाशीही बोलले. पट्ट्याविषयी त्यांना काहीच माहिती नव्हती आणि ते लगेच तयार झाले. तोपर्यंत वडिलांची खाट संडासापासून दूर, खिडकीकडच्या बाजूला हलवून मिळाली आहे.

आता एक घरचा प्रश्न. वडिलांना पुढच्या आठवड्यात घरी सोडतील आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भाड्याने आणावा लागेल. माझा धाकटा भाऊ सिगारेट ओढतो. तो म्हणतो, मी वडिलांच्या खोलीत ओढणार नाही, गॅलरीत ओढीन. एवढे पुरेल का? आणि देवघर वडिलांच्या खोलीतच आहे.

जलधारा

गॅलरीचे दार खोलीत उघडत असेल तर पुरणार नाही. भावाने घराबाहेर, इमारतीच्या खाली जाऊन ओढावी, आणि येऊन लगेच वडिलांच्या अंगावर वाकू नये, कारण धुराचे कण कपड्यांवर आणि हातांवर राहतात. देवघर दुसऱ्या खोलीत हलवा. ते जमत नसेल तर त्या खोलीत समई, निरांजन, उदबत्ती काहीही न लावता विजेचा दिवा ठेवा. स्वयंपाकघरात गॅस पेटलेला असताना वडिलांना नळीसह तिकडे नेऊ नका; पेटत्या ज्योतीपासून किमान तीन मीटरचे अंतर ठेवा.

कॉन्सन्ट्रेटर पडद्याला किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नका, त्याला हवा खेचायला मोकळी जागा लागते. तो जोडजोडीच्या एक्स्टेन्शन बोर्डावर न लावता थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. वडील नळी काढून ठेवतील तेव्हा यंत्र बंद करा. नळी चालू ठेवून गादीवर टाकली तर ऑक्सिजन गादीतच साठतो. यंत्र बंद केल्यावरही कपड्यांतला आणि पांघरुणातला ऑक्सिजन निघून जायला वेळ लागतो, म्हणून किमान वीस मिनिटे, शक्य तर अर्धा तास, त्यांना कोणत्याही ज्योतीजवळ नेऊ नका, आणि तेवढ्या वेळात पांघरूण बाहेर झटकून घ्या. ओठ आणि नाक कोरडे पडले तर पेट्रोलियम जेली लावू नका, पाण्याचा अंश असलेले मलम डॉक्टरांकडून लिहून घ्या. यंत्र भाड्याने देणारा माणूस जोडणी करायला येईल, तेव्हा भावाला घरी थांबायला सांगा आणि हे सर्व त्याच्यासमोर पुन्हा विचारा.